तलावपाळीजवळचे संत जॉन बाप्टिस्ट चर्च

ठाणे स्थानकाच्या पश्चिमेकडून बाहेर पडून बाजारातून वाट काढत निघाले की थोड्याच वेळात मासुंदा तलाव लागतो, आणि त्याच्या जवळच संत जॉन बाप्टिस्ट चर्च आहे. आम्ही पती-पत्नी एका रविवारी सकाळची मिस्सा म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना आटोपल्यावर तेथे गेलो. गाडी आणू नये. तलावपाळीवर ती उभी करायला जागा शोधण्यातच सकाळ जाते.

ठाण्यात ख्रिस्ती धर्म पोर्तुगिजांबरोबर आला, असा पुष्कळांचा समज असतो आणि माझाही होता. प्रत्यक्षात १३२१ साली चीनला निघालेले फ्रान्सिस्कन या कॅथलिक संन्यासी संघाचे चार धर्मबंधू याच गावात मारले गेले. डॉमिनिकन या दुसऱ्या संघातल्या जॉर्डन नावाच्या साथीदाराने त्यांचे देह सोपाऱ्याला (आजचे नालासोपारा) नेऊन पुरले आणि पुढे इटलीतील पोर्देनोनेचा फ्रान्सिस्कन प्रवासी ओदोरिक त्यांच्या अस्थी घेऊन चीनला गेला. ठाण्यात तेव्हा नेस्तोरियन या पूर्वेकडील जुन्या पंथाच्या ख्रिस्त्यांची पंधरा घरे होती, असे याच ओदोरिकने लिहून ठेवले आहे. पोर्तुगीज अंमल त्यानंतर दोन शतकांनी आला आणि १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत संपला. एवढे वाचून गेलात तर पोर्तुगीज अमदानीपासूनच्या या वास्तूकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. आमची तरी बदलली.

आत शेवटच्या बाकावर लुगडे नेसलेल्या एक आजी जपमाळ ओढीत बसल्या होत्या. बोटांखालून मणी सरकत होते आणि 'नमो मरिये' एवढेच शब्द स्पष्ट ऐकू येत होते. हा गाव त्यांच्या पूर्वजांचा आहे आणि प्रार्थनाही आपल्याच मराठीत आहे, हे ऐकून मला फार बरे वाटले.

मिस्सा चालू असताना फिरू नये व छायाचित्रे काढू नयेत. एरवीही आधी विचारावे. टोपी काढावी. ख्रिस्तप्रसादासाठीच्या रांगेत कॅथलिक नसलेल्यांनी उभे राहू नये, बाकावर शांत बसून राहिले तरी चालते. आवारात शाळा असल्यामुळे कामाच्या दिवशी शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळा टाळाव्यात. २४ जूनला संत जॉनचा सण असतो, मात्र तेव्हा पाऊस धरूनच निघावे. परतताना तलावाजवळचे कौपिनेश्वर मंदिरही पाहावे. दोन्ही ठिकाणे एकाच सकाळी सहज होतात.