हिवाळ्यात मासा जागचा हलत नाही

आज अकरापर्यंत गळ घेऊन नदीकडे फिरकलोच नाही. उन्हाळ्यात पहाट गाठायला धडपडतो, पण या दिवसांत त्याला काही अर्थ नसतो. ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. पाणी जितकं गार, तितकाच तो गार. पाणी ४ अंशांच्या खाली गेलं की त्याचं पचन इतकं मंदावतं की एका घासावर तो बराच काळ काढतो. दुपारच्या उन्हाने पाणी अंश-दीड अंश चढलं की तळाशी जरा जाग येते. सकाळी थर्मामीटर ३ दाखवत होता, दुपारी ५ च्या आसपास गेला. मी आकड्यापेक्षा पारा कुठल्या दिशेला चाललाय ते बघतो. ३ वरून ५ वर येणारं पाणी मला ७ वरून ५ वर उतरणाऱ्या पाण्यापेक्षा कधीही चालेल.

नदी नितळ म्हणजे अगदी काचेच्या पलीकडची. हिवाळ्यात धार बारीक होते, वरून माती वाहून येत नाही, शेवाळही फारसं वाढत नाही, त्यामुळे कंबरभर पाण्यातला गोटा न गोटा मोजता येतो. आपल्याला मासा दिसतो याचा आनंद होतो खरा, पण त्यालाही आपण दिसतोच. पाण्याखालून वर बघताना बाहेरचं सगळं जग सुमारे ९७ अंशांच्या शंकूत एकवटून येतं. मासा मीटरभर खोल असेल तर त्याच्या डोक्यावरची ती खिडकी सव्वादोन मीटर रुंद. काठालगतचं, जमिनीसरसं जे असेल ते तिच्या कडेला चेपून अंधुक होतं. म्हणून मागून जायचं आणि गुडघ्यांवर बसायचं. थंडीत गुडघे काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.

खळाळ जिथे संपतो आणि डोह सुरू होतो तिथे, तळाला चिकटून एक बसला होता. बसला होता म्हणजे प्रवाहाशी तोंड करून शेपटी अगदी नावापुरती हलवत होता. बराच वेळ नुसता बघत राहिलो. तोंड उघडलं की आतला पांढरा रंग क्षणभर चमकतो. खातोय हे कळायची तेवढीच खूण. तेही वीतभर अंतरात वाहत येणाऱ्यासाठीच. हातभर लांबून काही गेलं तर ढिम्म. हिवाळ्यात त्याला मिळतं काय, तर मुख्यतः चिलटांच्या अळ्या आणि कोष. त्यासाठी लांब पळापळ केली तर मिळालेल्यापेक्षा खर्चच जास्त. माशाला हा हिशोब कळतो, आम्हा गळवाल्यांना मात्र उशिरा कळतो.

त्यामुळे लांबवर दोरी फेकण्याचं जे कसब आम्ही मिरवतो ते आता जवळजवळ निरुपयोगी. आज माझी एकही फेक चार-पाच काठ्यांच्या लांबीपुढे गेली नाही. सगळी मेहनत दोरी पाण्यात पडल्यानंतरची. मधली धार वेगवान, मासा बसलेली कड संथ; दोरीचं पोट मधल्या धारेने ओढलं की माशी (गळावर बांधलेलं नकली किड्याचं आमिष) पाण्यापेक्षा जोरात पळते आणि मासा तिच्याकडे बघतही नाही. म्हणून पोट लगेच उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायचं आणि माशीला पाण्याच्याच चालीने जाऊ द्यायचं. कमी फेकण्याचा आणखी एक फायदा: दोरीबरोबर येणारं पाणी काठीच्या कड्यांत गोठतं, ते कमी गोठतं. तरी दोनदा टोकाच्या कडीत बर्फ धरलाच. बोटांनी खरवडत बसण्यापेक्षा टोक पाण्यात बुडवून ठेवावं. नदी हवेपेक्षा उबदार असते, बर्फ आपोआप सुटतो.

पहिली माशी डोक्याला चकाकता मणी ओवलेली होती. मासा तिला बघून चक्क बाजूला सरकला. मग बिनमण्याची काळी नकली अळी, २२ नंबरच्या गळावर. (नंबर वाढेल तसा गळ लहान, आणि २२ म्हणजे बधिर बोटांवर सूड.) टिपेट, म्हणजे दोरीच्या टोकाचा बारीक धागा, ०.१३ मिलिमीटरचा, फ्लुरोकार्बनचा. तो नायलॉनपेक्षा जड असल्याने लवकर बुडतो. गाठ मारून होईपर्यंत ऊन समोरच्या काठावर सरकलं होतं. इंडिकेटर, म्हणजे दोरीवरची तरंगती खूण, बुडला नाही, फक्त जरासा अडखळला. थंडीत झटका लागत नाही, तेवढं अडखळणंच पुरतं. मनगट उचललं आणि काठी जड झाली.

दमदार झुंज वगैरे काही नाही. पाण्यातच ठेवून उलटा काटा नसलेला गळ फिरवून काढला. फोटोसाठी वर उचलायचा मोह मी हिवाळ्यात करत नाही. हवा शून्याखाली असली तर ओले कल्ले गोठायला वेळ लागत नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. वरच्या उथळ पट्ट्यात गोट्यांचा एक फिकट, घासून पुसल्यासारखा तुकडा आहे. तपकिरी ट्राउटच्या मादीने शरद ऋतूत शेपटीने खणलेलं ते घरटं. अंडी खालच्या खडीत पडून आहेत. ५ अंशांच्या पाण्यात ती फुटायला सुमारे तीन महिने लागतात. आज कुणीतरी सरळ त्यावरून चालत गेल्याचे बुटांचे ठसे होते. पलीकडचा मासा धरायला अलीकडचे तुडवायचे! नियमात असो वा नसो, माझ्या मते या काळात उथळ खडीवर पाय ठेवूच नये. मी वळसा घालून काठाने परतलो.

आता रात्री काळ्या दोऱ्याच्या अळ्या बांधायच्यात, मणी न लावता. आणि टिपेटला घरूनच जोडून ठेवायच्या, म्हणजे तिथे गाठी मारत बसायला नको.