कणगी, कामट्या आणि पोटॅशियम

२०२१च्या उन्हाळ्यात करोनातून नुकत्याच उठलेल्या माझ्या मामांना म्युकरने, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराने, गाठले आणि त्यांना खानापूरहून बेळगावच्या एका रुग्णालयात हलवावे लागले. अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हे बुरशीविरोधी औषध सुरू होताच रोज रक्तातले पोटॅशियम तपासले जाऊ लागले. "बुरशीच्या औषधाचा आणि पोटॅशियमचा काय संबंध रे?" हा मामींचा प्रश्न रास्त होता, रसायनशास्त्र शिकवूनही मला त्याचे उत्तर तेव्हा धडपणे देता आले नाही.

स्ट्रेप्टोमायसीस नोडोसस या मातीतल्या जीवाणूपासून मिळणाऱ्या या द्रव्याचा रेणू म्हणजे एक लांबट कडे आहे. त्याच्या एका अंगाला एकाआड एक असे ७ दुहेरी बंध असल्याने ते अंग ताठ आणि तेलकट असते, तर दुसऱ्या अंगाला पाण्याशी जमणाऱ्या हायड्रॉक्सिल गटांची रांग असते. पेशीचे पटल मेदाच्या दोन थरांचे असून त्याच्या तेलकट गाभ्यातून आयन, म्हणजे पोटॅशियमसारखे विद्युतभारित कण, सहसा पार होत नाहीत.

आमच्याकडे भात साठवायची, कामट्यांची विणलेली आणि सारवलेली कणगी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पुढचे चित्र सोपे जाईल. साधारण ८ रेणू कामट्यांसारखे गोलाकार उभे राहतात, तेलकट अंग मेदाकडे आणि पाणीप्रिय अंग आतल्या पोकळीकडे ठेवतात, आणि बुरशीच्या पटलातले एर्गोस्टेरॉल हे मेदासारखे द्रव्य त्यांना सारवणासारखे धरून ठेवते. एका कणगीची उंची पटलाच्या जाडीच्या सुमारे निम्मी भरते, म्हणून दोन्ही बाजूंनी आलेल्या दोन कणग्या तोंडाला तोंड लावून अखंड नळी बनवतात आणि तिच्यातून पेशीतले पोटॅशियम बाहेर झिरपते.

माणसाच्या पटलात एर्गोस्टेरॉलऐवजी कोलेस्टेरॉल असते. औषधाची त्याच्याशी जवळीक कमी असते, पण अजिबात नसते असे नाही. त्यामुळे मूत्रपिंडाच्या नलिकांनाही इजा होते आणि पोटॅशियम, मॅग्नेशियम लघवीवाटे जाते. मामींना द्यायला हवे होते ते हे उत्तर.

मात्र कणगीचे हे चित्र, मला कितीही आवडत असले, तरी अपुरे आहे. २०१२मध्ये या औषधाचा, पस्तिसाव्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट काढलेला रेणू तपासला गेला. त्याला नळी बांधता येईना, तरी तो यीस्टला मारतच होता. २०१४च्या अभ्यासात असे दिसले की हे रेणू पटलाबाहेर गठ्ठ्याने जमून एर्गोस्टेरॉल स्पंजासारखे शोषून घेतात. म्हणजे बुरशीचा जीव मुख्यतः सारवणच निघून गेल्याने जातो, आणि भोकांतून होणारी गळती त्यात भर घालते.