परतीच्या वाटेची नोंदवही : ममदापूरचा माळ आणि नांदूर मध्यमेश्वर

नोव्हेंबरात पाखरं उतरतात तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर जलाशयाच्या बांधावर दुर्बिणींची गर्दी असते. मार्चमध्ये तीच पाखरं निघतात तेव्हा बांधावर मी आणि गाडी चालवणारा माझा धाकटा भाऊ, एवढेच. परतीच्या प्रवासाच्या नोंदी ठेवण्याचं हे माझं तिसरं वर्ष.

पहिल्या वर्षी मी फक्त ‘शेवटचा दिसला’ अशी तारीख लिहायचे आणि तिथेच चुकायचे. पहिला पक्षी आला की ते त्याच क्षणी कळतं. शेवटचा कोणता होता, हे मात्र पुढच्या दोन-तीन खेपा रिकाम्या गेल्यावरच समजतं. म्हणून आता न दिसल्याचीही नोंद करते : तीच जागा, तीच वेळ, सकाळी सात ते नऊ. नऊनंतर माळावर मृगजळ नाचायला लागतं आणि दुर्बिणीतला चिमणीएवढा भारीट पक्षी दगडासारखा दिसतो.

१५ फेब्रुवारी, ममदापूर. येवल्याच्या पुढचा हा माळ काळविटांसाठी प्रसिद्ध आहे, पण मी जाते ती रणगोजासाठी. नावातच रण असलेला हा पक्षी हिवाळा काढायला आपल्या कोरड्या माळावर येतो. नोव्हेंबरात नराचा गळा राखाडी, धुरकट वाटतो, कारण नव्या पिसांची टोकं फिकी असतात. हिवाळाभर ती टोकं झिजतात आणि खालचा काळा रंग उघडा पडतो. म्हणजे वसंतातला तो देखणा काळा गळा नवी पिसं येऊन झालेला नसतो, जुनी झिजून झालेला असतो. आज तीन नर दिसले, तिघांचाही गळा काळाभोर. दगडावर बसायचे, टुणकन खाली उतरून किडा उचलायचे, पुन्हा दगडावर. दोन तास मी दुसरं काहीच पाहिलं नाही.

२ मार्च, नांदूर. पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर पट्टे असलेले हंसजातीचे पक्षी, ३६. शेजारी तलवार बदकं आणि थापटे बदकं. काळ्या शेपटीच्या, लांब चोचीच्या पाणटिवळ्यांपैकी काहींच्या मानेवर विटकरी रंग चढू लागलाय. यांची पिसं मात्र खरंच बदलतात.

९ मार्च, नांदूर. पट्टकादंब शून्य. पाणटिवळेही शून्य, आणि इथे मी थांबले. कारण वरच्या धरणांतून शेतीसाठी पाण्याचं आवर्तन सुटलं होतं, पाणी वीतभर चढलं होतं आणि आठवड्यापूर्वीचा चिखल बुडाला होता. चिखलच नाही तर पाणटिवळा चोच कुठे खुपसणार? तो गेला असं म्हणायचं, की फक्त जागा बदलली असं? गोदावरी-कादवाच्या संगमावरचा हा जलाशय सिंचनाचा आहे, त्याची पातळी पाखरांच्या सोयीने ठरत नाही. तेव्हापासून वहीत पाण्याचा एक रकाना वाढवला : चिखल उघडा, अर्धा, बुडालेला. इथे नियमित मोजणी करणाऱ्या प्रत्येकाला माझं हे कळकळीचं सांगणं आहे, पातळी लिहाच. तिच्याशिवाय शून्याचा अर्थ लागत नाही. (१६ मार्चला पाणी उतरलं आणि पाणटिवळे परत दिसले. पट्टकादंब नाही दिसले.)

१६ मार्चलाच परतताना, निफाडच्या अलीकडे रस्त्याकडेच्या पळसावर भोरड्या. एका बाजूला जाळी टाकलेली द्राक्षबाग, दुसऱ्या बाजूला कांद्याचं रान आणि मध्ये हे पेटलेलं झाड. त्यावर शंभरेक भोरड्यांचा कल्लोळ. चोची मधात बुडवून कपाळं परागांनी पिवळी झालेली. पळस मैना हे यांचं दुसरं नाव किती नेमकं आहे, ते अशा वेळी पटतं. पळस, पांगारा, सावर यांचा बहर आणि यांची निघायची तयारी एकाच सुमारास येते. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात जाऊन टोळांच्या मोसमात पिल्लं वाढवायची, त्याआधी अंगावर चरबी चढवायची. निघायची वेळ लांबत जाणारा दिवस सांगतो, पण शिदोरी बांधून देतो तो पळस.

२३ मार्च, ममदापूर, या वेळी संध्याकाळी. भोवत्ये हे शिकारी पक्षी रात्री गवतात जमिनीवरच मुक्कामाला उतरतात. फेब्रुवारीत याच जागी अकरा मोजले होते, त्यांत चार राखाडी नर. आज दोनच, दोन्ही तपकिरी. मेंढ्या घेऊन परतणारे एक बाबा थांबले. म्हणाले, “ताई, तुम्ही रविवारी येता. ती गवतात बसणारी पाखरं मंगळवारीच उठली. लई उंच गेली, घिरट्या घालत घालत.” मी विचारलं, “बाबा, राखाडी होती का तपकिरी?” “दोन्ही होती. राखाडी त्याच्या आधीच कमी झालती.”

ऐकून अंगावर काटा आला. अनेक स्थलांतरी जातींत नर आधी निघून विणीची जागा धरतात, हे मी वाचलेलं होतं. बाबांनी ते वाचलं नव्हतं, पाहिलं होतं. त्यांची माहिती वेगळ्या रकान्यात, ‘ऐकीव’ म्हणून लिहिली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीपासूनच त्यांना भेटत राहायचं ठरवलंय.

एकाने विचारलं होतं, की युरोपीय नीलकंठासारखे वाटसरू पक्षी वसंतात का मिळत नाहीत. ते सप्टेंबर-ऑक्टोबरात कच्छ-राजस्थानच्या बाजूने आफ्रिकेकडे जाताना दिसतात. परतताना त्यांची वाट आणखी पश्चिमेची, अरबस्तानावरून असते. जायची वाट एक, यायची दुसरी. म्हणून आपल्याकडचा वसंत हा मुख्यतः इथेच हिवाळा काढलेल्यांच्या निरोपाचा असतो.

६ एप्रिल, ममदापूर. रणगोजा शून्य, भोवत्ये शून्य. काळ्या डोक्याचे भारीट बाभळीवर सात. डोंबारी चंडोल मात्र हवेत कोलांट्या मारत होता. तो इथलाच.

१३ एप्रिल, ममदापूर. रणगोजा शून्य, भोवत्ये शून्य, भारीट शून्य.

२० एप्रिल, नांदूर. चिखल उघडा. पाणटिवळे शून्य. पाणकणसाच्या कडेला भुवई बदकं १४, नरांच्या पांढऱ्या भुवया उन्हात लखलखत होत्या. बदकांत हीच सगळ्यात उशिरापर्यंत रेंगाळतात, त्यामुळे यांचा रकाना अजून बंद केलेला नाही. २७ तारखेला पुन्हा जाणार आहे.