संच होऊ द्या

गेल्या महिन्यात टाइल चिकटवायच्या ॲडहेसिव्हचं पाकीट मराठीत करायला आलं. मागची दहा-बारा वाक्यं फक्त. सॉफ्टवेअरने कच्चा अनुवाद आधीच करून ठेवला होता: ‘24 तास संच होऊ द्या.’ रात्री साडेअकराला डोळे चोळत मी ते तपासलं आणि तसंच जाऊ दिलं. सकाळी परत आलं. ‘संच’भोवती लाल गोल, शेजारी एक प्रश्नचिन्ह.

चूक माझीच. पाकिटावरच्या इंग्रजी ‘सेट’चा अर्थ होता घट्ट बसणं, सॉफ्टवेअरने घेतला कपबश्यांच्या सेटचा. पण ‘सेट’ही काही सरळ शब्द नाही. 1989च्या वीस खंडांच्या ऑक्सफर्ड इंग्रजी कोशात एकट्या त्याच्या क्रियापदाचे सुमारे 430 अर्थ आहेत. (पुढे ‘रन’ने त्याला मागे टाकलं.) इंग्रजीत सूर्यही सेट होतो आणि जेलीही. गजर सेट करतात, सापळा सेट करतात, चोर पकडायला चोरच सेट करतात. आपण काट्याने काटा काढून मोकळे होतो.

गंमत म्हणजे कपबश्यांचा सेट मुळात या घरातला नव्हेच. तो लॅटिन ‘सेक्टा’वरून फ्रेंचमार्गे आला, म्हणजे पंथ, संप्रदाय! क्रियापद मात्र जुन्या इंग्रजीतल्या ‘सेट्टन’चं. अर्थ: बसवणं.

हे वाचलं आणि अण्णा आठवले. अण्णा सुतार. करवतीला कानस मारून झाली की ती मांडीवर आडवी धरायचे आणि एक दात किंचित डावीकडे, पुढचा उजवीकडे असे वाकवत जायचे. तसं केलं नाही तर काप पात्याइतकाच अरुंद पडतो आणि करवत लाकडात अडकते. त्या वाकवण्यालाही इंग्रजीत सेटच म्हणतात. अण्णा म्हणायचे, “थांब गं, हिचे दात बसवतोय.” बोळक्या आजीला याचं फार हसू यायचं.

बसवण्यात आपण तरी कुठे कमी आहोत? अंगठीत खडा बसवतो, निखळलेलं हाड बसवतो, नाटक बसवतो, गणपती बसवतो. शिवाय काही गोष्टी न बसवता बसतात. आवाज, विश्वास, खिशाला चाट.

पाकिटावर शेवटी मी लिहिलं, ‘फरशी बसवल्यावर 24 तास तिच्यावर पाय देऊ नका.’ आमच्या गवंड्याने स्वयंपाकघराच्या दारात आडवी फळी लावून हेच सांगितलं होतं. लगेच फोन आला, “मॅडम, यात ‘सेट’ कुठे गेलं?”

म्हटलं, बसलंय की फरशीखाली.