सांबरा ते दाबोळी : 1961 च्या हवाई हल्ल्याच्या मागावर कोल्हापुरातून

कोल्हापूरवर कधी बॉम्ब पडले नाहीत. दुसऱ्या महायुद्धाची झळ इथं दिसली ती वळिवड्याच्या छावणीत राहिलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांच्या रूपानं. त्यामुळे हवाई हल्ल्यांचा विषय निघाला की आपल्याकडची मंडळी लंडनबद्दल बोलतात, फार तर कोलकात्याबद्दल. पण गाडीनं एका दिवसात गाठता येईल असा एक हल्ला आपल्या शेजारीच आहे : 18 डिसेंबर 1961, गोवा मुक्तीची कारवाई. त्या दिवशी बेळगावजवळच्या सांबऱ्याहून हंटर ही लढाऊ विमानं उडाली आणि पुण्याहून कॅनबेरा ही बॉम्बफेकी विमानं. आम्ही काही विमानवेडे त्याच मागावर कोल्हापुरातून निघालो.

पहाटे निघून महामार्गानं बेळगाव गाठायचं, साधारण एकशे दहा किलोमीटर. सांबरा शहराच्या पूर्वेला दहाएक किलोमीटरवर आहे. तिथं नागरी विमानतळही आहे, पण तळ हवाई दलाचा. कुंपणाजवळ घुटमळू नका आणि कॅमेरा बाहेर काढू नका. खरं काम आसपासच्या गावांत आहे. ज्यांनी तो दिवस पाहिला ती माणसं आता पंचाहत्तरीच्या पुढं गेली आहेत. आमच्यातल्या एकाचे मामा तिथलेच. चहा संपेपर्यंत ते फारसं बोलले नाहीत. मग म्हणाले, "विमानं रोजच बघायचो रं, पण त्या दिवशीचा आवाज वेगळा. एक गेलं की पाठोपाठ दुसरं. मास्तरांनीच वर्गाबाहेर सोडलं आम्हाला." लष्करी ट्रकांच्या रांगाही त्यांना आठवत होत्या. भूदलाची मोठी जमवाजमव बेळगावातच झाली होती, तेव्हा ते जुळतं.

अशा आठवणी घेताना एक करा : तारीख विचारू नका, सण विचारा. 18 डिसेंबर हा सोमवार होता आणि दत्तजयंती तीन-चार दिवसांवर आली होती. "वाडीला (नृसिंहवाडीला) जायची तयारी चालली होती का?" असं विचारलं की म्हातारी माणसं बरोबर त्या आठवड्यात जाऊन पोचतात, आणि ऐकीव गोष्ट कुठली, बघितलेली कुठली, हेही लक्षात येतं. फोनवर रेकॉर्ड करा, पण आधी परवानगी घ्या आणि त्याच रात्री वहीत उतरवा. हे काम पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखं नाही.

तिथून चोर्ला घाटानं गोव्यात उतरलो. रस्त्याबद्दल एवढंच सांगतो : पावसाळ्यात हा घाट टाळा, आणि पोटात ढवळत असेल तर बेळगावातच हलकं खाऊन घ्या.

दाबोळी म्हणजे गोव्याचा विमानतळ. त्याचं महत्त्व कळायला त्या सकाळचा हिशेब माहीत हवा. विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारा कॅनबेरा आल्या आणि काही मिनिटांत 63,000 पौंड, म्हणजे साडेअठ्ठावीस हजार किलो बॉम्ब धावपट्टीवर पडले. नंतर आणखी आठ कॅनबेरा आल्या. इमारतींना हात लावायचा नाही असा आदेश होता आणि तो पाळला गेला. मला या सगळ्या कारवाईत हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. तिकडं हंटरनी बांबोळीचं बिनतारी केंद्र रॉकेटं आणि तोफांनी बंद पाडलं. दाबोळीवर उभी असलेली दोन प्रवासी विमानं मात्र शाबूत राहिली. पोर्तुगीजांनी रात्री धावपट्टीचा तुकडा घाईघाईनं बुजवला आणि त्याच विमानांतून अधिकाऱ्यांच्या कुटुंबांना बाहेर काढलं. त्यातलं एक सुपर कॉन्स्टेलेशन, म्हणजे चार इंजिनांचं मोठं विमान होतं. जेमतेम 700 मीटरमध्ये ते उडालं.

आणि त्याच जातीचं एक विमान आज तिथून हाकेच्या अंतरावर उभं आहे! बोगमाळोच्या रस्त्यावरचं नौदलाचं विमान संग्रहालय 1998 साली सुरू झालं. इथलं सुपर कॉन्स्टेलेशन आपल्या नौदलाचं. त्याच्या पोटाखाली उभं राहून मान वर केली, लांबुडकी वाकदार पाठ, शेपटीवरचे तीन उभे पंख, चार इंजिनं, प्रत्येकात अठरा सिलिंडर. तेव्हा 700 मीटर म्हणजे काय ते समजलं.

सी हॉक या लढाऊ जेटचे घडी होणारे पंख आणि शेपटीखालचा आकडा (हूक) नीट बघा. विक्रांत या विमानवाहू जहाजावर उतरताना याच आकड्यानं दोर पकडायचा. पाणबुड्या शोधणारं अलिझेही तिथं आहे. पण माझा सर्वाधिक वेळ गेला फेअरी फायरफ्लायजवळ. ही मूळची महायुद्धाच्या काळातली जात, ब्रिटिश आरमारानं वापरलेली. आपल्या नौदलाकडं ती सरावाचं लक्ष्य ओढायला होती. समुद्राच्या काठावर ॲल्युमिनियमचा शत्रू म्हणजे खारा वारा. रंगाला बारीकशी चीर गेली की रिव्हेटच्या कडेनं पांढरी भुकटी सुटते, मग रंग फुगतो आणि पत्रा आतून खात जातो. वरून नवा रंग मारला तर जुने आकडे, सूचनांची अक्षरं कायमची झाकली जातात. म्हणून अशा विमानांच्या पाट्या, क्रमांक, दुरुस्तीच्या खुणा यांचे जवळून फोटो काढून तारीख घालून ठेवणं ही आपल्यासारख्यांना जमणारी जतनाची पहिली पायरी आहे. पत्र्याला हात मात्र लावू नका. हाताच्या घामातही मीठ असतंच.

संग्रहालय सोमवारी बंद असतं. सकाळी उघडताच गेलात तर ऊन चटका देत नाही आणि फोटोही चांगले येतात. आतल्या दालनांसाठी वेगळा तास ठेवा. इंजिनं, शस्त्रं आणि विक्रांतचं दालन घाईत उरकू नये. शेजारचा विमानतळ नौदलाचा आहे, तेव्हा धावपट्टीकडं कॅमेरा वळवू नका आणि ड्रोन घरीच ठेवा.

एका दिवसात जाऊन येणं शक्य आहे, पण दमछाक होते. वास्कोत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आंबोली-आजऱ्यामार्गे परता. निघण्याआधी कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयांत डिसेंबर 1961 च्या वर्तमानपत्रांची चौकशी करा, आणि तुमच्या घरात त्या महिन्यात बेळगाव किंवा सावंतवाडीला कोणी होतं का, ते आजीला विचारा.