कोडिंग राउंड: निकाल कळतो, कारण कळत नाही

सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी मुलाखत देत होतो. रेझ्युमे, फोनवरचं बोलणं, ऑनलाइन टेस्ट यांत सांगण्यासारखं काही नाही. गाडी अडली ती कोडिंग राउंडला, म्हणजे परीक्षकासमोर प्रोग्राम लिहायच्या फेरीला, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

प्रश्न एलआरयू कॅशचा होता. कॅश म्हणजे पुन्हा लागणारी माहिती हाताशी ठेवायची मर्यादित जागा. जागा संपली की सर्वांत जास्त काळ न वापरलेली नोंद काढून टाकायची. हॅशमॅप (की, म्हणजे ओळखीचं नाव, दिलं की नोंद चटकन शोधून देणारा तक्ता) आणि डबली लिंक्ड लिस्ट (मागच्या-पुढच्याशी जोडलेल्या नोड्सची, म्हणजे कड्यांची, साखळी) ही रचना मी लगेच सांगितली आणि कोड लिहायला घेतला. समोरचा माणूस चकार शब्द बोलेना. मी थांबलो की त्याच्या कीबोर्डचा खडखडाट. लिस्टमधला शेवटचा नोड काढला, आता मॅपमधली नोंद काढायची, म्हणजे नोडमध्ये व्हॅल्यूबरोबर (साठवलेल्या माहितीबरोबर) तिची ‘की’सुद्धा ठेवायला हवी. एरवी हे सुचायला क्षण लागला नसता. तिथे हात थबकला तो थबकलाच. कोड पूर्ण झाला तेव्हा वेळ संपत आली होती.

मग ‘पुढे जाता येणार नाही’ असा मेल. कारण विचारलं, तर फीडबॅक न देण्याचं धोरण! वर कूलिंग पीरियड, म्हणजे ठरावीक काळ पुन्हा अर्जही नाही.

2020 साली नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 48 जणांवर प्रयोग केला. काहींनी प्रश्न एकट्याने सोडवला, काहींनी परीक्षकासमोर. कोणी बघत असलं की कामगिरी निम्म्याहून खाली येत होती. मग या फेरीत कौशल्य मोजतात की दडपण?

कंपनीचा हिशोब मला कळतो. चुकीचा माणूस घेतला तर अख्ख्या टीमला निस्तरावं लागतं. चांगला माणूस हातचा गेला तर कोणाला पत्ताही लागत नाही. म्हणून शंका आली की नकार. पण कारणाच्या दोन ओळी न लिहिण्याचं समर्थन या हिशोबात कुठेच बसत नाही.

पुढच्या कंपनीत निवड झाली, आणि त्याचा मला अभिमान आहे. आता कळतं, कीबोर्डचा तो खडखडाट म्हणजे परीक्षकाने तुमच्याबद्दल केलेल्या नोंदी असतात. गूगलसारख्या ठिकाणी त्या वाचून निर्णय घेणारी समिती वेगळी असते. म्हणून नोंदवता येईल असं बोला: हा पर्याय का सोडला, हा का घेतला, कोड चालायला वेळ किती लागेल. कोडच्या आधी दोनच नोंदींची कॅश घेऊन उदाहरण हाताने सोडवून दाखवा. सराव करताना मित्राला शेजारी गप्प बसवा, ऑटोकम्प्लीट (कोड आपोआप पूर्ण करून देणारी सोय) बंद ठेवा.

आणि हो, कोड लिहायचा एडिटर कोणता, कोड चालवता येतो का, हे रिक्रूटरला आधीच विचारा. एवढं ते सांगतात.