झीलच झील

"म्याडम, सगळे झीलच. चेडवां खंय गेली?" (मालवणीत झील म्हणजे मुलगा, चेडू म्हणजे मुलगी.)

मामांनी सूक्ष्मदर्शकाखालची बशी माझ्याकडे सरकवली. मामा आमच्या प्रयोगशाळेतले मदतनीस. जेमतेम तीन मिलिमीटरच्या ब्रॅकॉन या गांधीलमाशीच्या मिशा बघून नर-मादी ओळखण्यात त्यांचा हात माझ्यापेक्षा जलद. लांब मिशा तो नर. आखूड मिशा आणि शेपटाला अंडी घालायची सुई ती मादी. बशीत सुया जवळजवळ नव्हत्याच.

ही परोपजीवी माशी आम्ही नारळावरच्या काळ्या डोक्याच्या अळीसाठी वाढवतो. अळीला डंख मारून लुळी करते आणि तिच्यावर अंडी घालते ती मादी. नराला अळीशी काही देणंघेणं नाही. बागायतदाराला नर देऊन काय उपयोग?

पहिला संशय लग्नं न जुळण्याचा. ब्रॅकॉनच्या फलन न झालेल्या अंड्यातून नरच निपजतो. (नराला बाप नसतो, आजोबा मात्र असतो. हे मामांना सांगितलं तेव्हा ते दिवसभर हसत होते.) एक जोडी नळीत सोडून बघत बसले. नराने पंख उभे केले, फडफडवले, मिशा नाचवत तिच्याभोवती फिरला. तिने पाठ फिरवली. तो वर चढायला गेला तर मागच्या पायांनी झिडकारला. दुसरी जोडी, तिसरी जोडी, तोच प्रकार.

"तिका तो आवडाक नाय," मामा म्हणाले.

मग जुने कागद काढले. कंदिलाच्या काचेत माश्या सोडून तिच्या तोंडावर आम्ही दोन कागदांमध्ये अळ्या ठेवतो. अंडी तिथेच सापडतात. काही कागदांवर सगळी अंडी फुटलेली आणि सगळे नर. त्या आया कुमारिकाच राहिलेल्या, हे उघड होतं. पण बाकीच्या कागदांवर कितीतरी अंडी सुरकुतून गेली होती. आणि फलन न झालेलं अंडं तर व्यवस्थित फुटतं.

तेव्हा मला मे महिना आठवला. वीज गेली, थंड खोली तापली, वाढवलेल्या माश्या मेल्या. वाचलेल्या एका कागदावरून आम्ही सगळा पसारा पुन्हा उभा केला होता. म्हणजे काचेत होती ती सगळी भावंडं.

ब्रॅकॉनचं लिंग एका जनुकावर ठरतं आणि त्या जनुकाची अनेक रूपं असतात, हे व्हायटिंग या जनुकशास्त्रज्ञाने 1943 साली दाखवलं. दोन वेगळी रूपं आली की मुलगी, फलन न होता एकच आलं की मुलगा. दोन्ही सारखीच आली तर जी मुलगी व्हायची तिचा मुलगा होतो, आणि तो बहुधा अंड्यातच मरतो. सख्ख्या भावाबहिणींच्या निम्म्या जोड्यांत हा घोळ होऊ शकतो. मामांची चेडवां त्या सुरकुतलेल्या अंड्यांत होती.

मादीला हे आमच्याआधी कळलं होतं. एकाच अळीवर वाढलेल्या नराला ती टाळते. बाहेर असती तर उडून दुसरीकडे गेली असती. आम्ही तिला कोंडून तिच्यापुढे भावांची रांग लावली होती. एका कागदाचे कोष एकाच काचेत ठेवायचे, नोंदी नीट राहतात, हा नियम माझाच.

दुपारी ओळखीच्या धान्य व्यापाऱ्याच्या गोदामात गेलो. साठवणीच्या धान्यातल्या पतंगांच्या अळ्यांवर ब्रॅकॉन आपणहून येते. मी खाली, पोत्यांच्या फटींत जाळी विणणाऱ्या अळ्या शोधत होते. मामा शिडीवरून ओरडले, "म्याडम, वर येवा! हयसर जत्रा भरली हा!"

सगळ्यात वरच्या पोत्यावर लांब मिशांचे नर जमले होते. कुणी मिशा साफ करत होता, कुणी पंख फडफडवत होता. मी वाचलं होतं की धान्याच्या ढिगावर नर असे उंच जागी जमून माद्यांची वाट बघतात, पण पाहिलं नव्हतं. आम्हाला मादीची गरजही नव्हती. प्रत्येक परका नर जनुकाचं एक रूप घेऊन येणार होता.

तोंडाने ओढायच्या नळीने मामांनी सतरा पकडले. अठरावा उडाला.